आधी आई दाखवा

शनिवारी आटपाडीच्या बाजारात दिवस उगवायच्या आधीच सौदे सुरू होतात. पिकअप गाड्यांचे फाळके खाली पडतात, मेंढरं एकमेकांच्या पाठीवरून उड्या टाकत उतरतात, आणि धुळीत लोकरीचा, लेंड्यांचा आणि उकळत्या चहाचा एकच वास मिसळतो. त्या सकाळी बाजाराच्या वरच्या अंगाला एका मेंढ्याभोवती घोळका जमला होता. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते लांब कान, गळ्यात घुंगरांचा पट्टा, कपाळावर गुलाल. नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. पोरं मोबाइल उंच धरून चित्रण करत होती.

गर्दीतून एक म्हातारे मामा पुढे आले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांनी नाकाकडे पाहिलंही नाही. मेंढ्याचा ओठ वर करून दात पाहिले. मग पंजा पसरून कंबरेच्या हाडावर दाबला, मागे जाऊन अंडकोष हाताने चाचपले, पुढचे गुडघे पाहिले. शेवटी मालकाकडे वळले.

“ह्येची आय कुठं हाय?”

“घरी हाय की मामा. जतला.”

“मग जतलाच येतो. सुक्कीरवारी.”

एवढं बोलून ते चालू लागले. रुमालाखाली बोटं गेली नाहीत, आकडा निघाला नाही. मी त्यांच्या मागे धावले आणि शुक्रवारी सोबत येऊ का म्हणून विचारलं. “या की ताई,” ते म्हणाले, “पर तिथं बगायसारखं काय नसतंय. एक मेंढी असती, झालं.”

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘जोडधंदा’ हा विषय काढला, तेव्हा माझ्या वाट्याला जातिवंत लहान जनावरांची पैदास आली. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात या धंद्याबद्दल दोन गोष्टी सतत कानावर येतात. एक, अमक्याचा मेंढा लाखांना गेला. दुसरी, तमका बुडाला. शनिवार ते शुक्रवार मी या दोन गोष्टींच्या मधल्या माणसांना भेटत फिरले, आणि मामांचा तो प्रश्न सगळीकडे माझ्याबरोबर होता.

बाकदार नाकाचा मुलूख

माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येतात. नावावरून पुष्कळांचा घोटाळा होतो. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळं आटपाडी तालुक्यात. हे माडग्याळ वेगळं. ‘बनगरवाडी’तल्या धनगरांची मेंढरं डोळ्यांसमोर आणली तर ती काळी, बुटकी, लोकरीने भरलेली दख्खनी मेंढरं असणार. दख्खनी मेंढीचे इथे मुलखामुलखाप्रमाणे वाण पडले: लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी आणि हे माडग्याळ.

माडग्याळ बाकीच्यांपासून सहज ओळखू येते. पाय उंच, अंग लांब, मान लांब, लोकर अगदी थोडी. कोकरू जन्मतःच दख्खनी कोकरापेक्षा वजनाने जास्त असतं आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत झपाट्याने वाढतं. घोंगडीला मागणी होती तोवर लोकर नसणं हा उणेपणा होता. घोंगडी मागे पडली, जाडीभरडी लोकर कातरण्याची मजुरीही तिच्या किमतीतून सुटेना, आणि मेंढीचा सगळा पैसा मटणावर आला. तेव्हा याच मेंढीचं पारडं जड झालं. 2003 च्या पाहणीत शुद्ध माडग्याळ मेंढ्यांची संख्या 5,319 भरली होती. आता ती लाखाच्या वर सांगतात. कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला राज्याच्या शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, त्याचाही या वाढीत वाटा आहे. पण मोठा वाटा भावाचा. ज्याला भाव येतो ते माणूस जपतं.

आणि भाव कसा आला! 2020 च्या डिसेंबरात आटपाडीच्या एका मेंढपाळाच्या ‘सर्जा’ नावाच्या माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांची बोली लागल्याची बातमी देशभर गेली. मालकाने दीड कोटी मागितले आणि मेंढा दिला नाही. दिवाळीनंतर कार्तिक पौर्णिमेला उत्तरेश्वराच्या यात्रेत आटपाडीला मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे आता असे नावाजलेले मेंढे फेटा बांधून मिरवतात.

एवढी किंमत नराला का, याचं उत्तर अर्धं शरीररचनेत आहे. गाईला किंवा शेळीला कृत्रिम रेतन सहज करता येतं. मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड इतकं अरुंद आणि वाकडंतिकडं असतं की गोठवलेल्या रेताची नळी आत जात नाही. त्यासाठी पोटाला छेद देऊन दुर्बिणीने रेत सोडावं लागतं. खेडेगावात हे होणार कसं? म्हणून चांगलं रक्त हवं असेल तर जिवंत मेंढाच विकत घ्यावा लागतो. तो खांडात, म्हणजे कळपात, आला की वर्षाला पंचवीस-तीस मेंढ्यांवर त्याचा शिक्का पडतो. मादी वर्षाला एक कोकरू देते, नर तीस. भावात फरक असणारच.

उरलेलं अर्धं उत्तर हौसेत आहे, आणि तिथेच मला काळजी वाटते. नाक जितकं बाकदार तितका भाव, असं झालं की माणसं नाकावर निवड करू लागतात. नाकाला वजन नसतं, दूध नसतं. वरचा जबडा आणि खालचे दात नीट जुळले नाहीत तर कुसळी गवत मेंढीला तोडता येत नाही, आणि माणदेशात तेच खाऊन आठ महिने काढायचे असतात.

फलटणची वही

लोणंदवरून फलटणला उतरताना उसाचा हिरवा पट्टा लागतो. इथे ‘नारी’ आहे: निंबकर कृषी संशोधन संस्था. बनबिहारी निंबकरांनी ती 1968 मध्ये सुरू केली, आणि 1990 पासून तिथे शेळ्या-मेंढ्यांवर काम चाललं आहे. डॉ. चंदा निंबकरांच्या नावाशी ते काम कायमचं जोडलं गेलं आहे.

या कामाची गोष्ट मी इकडे भेटलेल्या प्रत्येक मेंढपाळाला सांगितली आणि प्रत्येकाने ती शेवटपर्यंत ऐकली. बंगालात सुंदरबनाच्या दलदलीत गारोळ नावाची मेंढी असते. मोठ्या बोकडाच्या निम्म्याएवढीही नाही, गुडघाभर पाण्यात चरते, आणि एका वेताला दोन-तीन कोकरं देते. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिथे त्यांचं रक्त मेरिनोत मिसळलं. पुढे ‘बुरुला’ नावाच्या एका मळ्यातल्या मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देण्यासाठी प्रसिद्ध झाल्या. शास्त्रज्ञांनी 1980 च्या सुमारास ओळखलं की हे एकाच जनुकाचं काम आहे, आणि 2001 मध्ये त्या जनुकातला नेमका बदल सापडला. त्याला नाव ‘फेकबी’. मग तोच बदल गारोळमध्येही आढळला. बंगालातून गेलेली देणगी दोनशे वर्षांनी ओळख पटून घरी आली.

फलटणला गारोळचा दख्खनीशी संकर झाला, मग पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवून अंगकाठी परत मिळवली. काम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या जोडीने चाललं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी उभी राहिली. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी दर वेताला सरासरी साधारण अर्धं कोकरू जास्त देते. हे ‘अर्धं कोकरू’ ऐकून लोकांना गंमत वाटते. दहा मेंढ्यांच्या दावणीत ते पाच कोकरं होतात.

माझ्या मनात घर करून राहिली ती मात्र वेगळी बाब. जुळं देण्याचा हा गुण नराच्या अंगात असतो, पण दिसत नाही. नर वितच नाही, मग दिसणार कसा? तो कळतो रक्ताच्या तपासणीतून, किंवा त्याच्या आईच्या, बहिणींच्या आणि लेकींच्या नोंदींतून. दुधाचंही तेच. कोकरू जोमदार निघालं तर त्यात आईच्या कासेचा वाटा केवढा आणि बापाचा केवढा, हे जन्माचं वजन, दूध तुटतानाचं वजन, वेताची तारीख असं सगळं लिहून ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. आटपाडीच्या मामांनी वही कधी हातात धरली नसेल. पण मेंढ्यासमोर उभं राहून आई विचारणं म्हणजे हेच शास्त्र, तोंडपाठ केलेलं.

बोअर शेळीही याच संस्थेने 1990 च्या दशकात या भागात आणली. मूळ दक्षिण आफ्रिकेची ही मांसल शेळी आता सातारा-सांगलीत गावोगाव संकरात दिसते. त्यातही पुष्कळजण फसले. लाल डोकं आणि पांढरं अंग दिसलं की बोअर म्हणून घ्यायचं, आणि दोन वेतं गेल्यावर कळायचं की रक्त चार आण्यांचंच होतं.

म्हसवडच्या शेळी डॉक्टर

म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बायकांना शेळीच्या कृत्रिम रेतनाचं शिक्षण दिलं, आणि ते शिकायला त्या फलटणला ‘नारी’त गेल्या. माण तालुक्यात आता त्यांना शेळी डॉक्टर म्हणूनच हाक मारतात. नळकांड्यात द्रव नायट्रोजन, त्यात गोठवलेल्या रेतमात्रा, खांद्याला पिशवी.

शेळी माजावर आल्याची खूण बाईलाच आधी कळते, कारण शेळी बाईच्या हाताखाली असते. ती सारखी ओरडते, शेपटी हलवते, चारा टाकते. हा माज दीड दिवस टिकतो, आणि तो सुरू झाल्यावर साधारण बारा तासांनी रेतन केलं तर गाभ राहण्याची शक्यता चांगली. चुकलं तर पुन्हा एकवीस दिवस. बोकड ठेवायचा खर्च नाही, गावातल्या एकाच बोकडाने आपल्याच लेकी-नातींना लावण्याचा धोका नाही. दोन शेळ्या असलेल्या भूमिहीन बाईलाही उत्तम उस्मानाबादी बोकडाचं रक्त मिळू शकतं. जातिवंत पैदास ही श्रीमंताची हौस न राहता दोन शेळ्यांच्या दारात येते ती इथे. आठवडाभरात मी जे जे पाहिलं त्यात मला सर्वात मोठं काम हेच वाटलं, आणि त्याची बातमी लाखांच्या मेंढ्याइतकी कधी गाजली नाही याचं वाईट वाटतं.

काळी कोंबडी

वाळवा तालुक्यातल्या एका गावात मी एका रिकाम्या शेडमध्ये उभी होते. पत्रे शाबूत, जाळी शाबूत, आत कांद्याची पोती. “कडकनाथचं शेड,” घरचा मुलगा म्हणाला आणि पुढे बराच वेळ गप्प राहिला.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची कोंबडी. पिसं काळी, कातडी काळी, मांस आणि हाडंसुद्धा काळपट. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल, जुनी, आदिवासींनी जपलेली जात. तिच्यात काही खोट नव्हती.

खोट होती ती योजनेत. इस्लामपूरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांना सांगितलं: पैसे भरा, पिल्लं घ्या, खाद्य-औषध आमचं, अंडी चढ्या भावाने आम्हीच परत घेऊ. सुरुवातीच्यांना पैसे मिळाले. त्यांच्याकडे पाहून पाहुण्यारावळ्यांनी भरले. पण घेतलेल्या अंड्यांचं होत काय होतं? ती उबवून पुढच्या शेतकऱ्याला पिल्लं विकली जात होती. खाणारा गिऱ्हाईक साखळीत कुठेच नव्हता. होते ते फक्त पाळणारे, आणि त्यांच्यामागे उभे राहिलेले नवे पाळणारे. नवे येणं थांबलं की ही साखळी एका महिन्यात तुटणार होती, आणि 2019 मध्ये ती तुटली. त्याच ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. शेडमध्ये शेकडो पक्षी, खाद्य संपलेलं, कंपनीचे फोन बंद. सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यासमोर सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या.

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. त्याआधी इमू होता. तमिळनाडूतल्या पेरुंदुराईची इमू कंपनी 2012 मध्ये कोसळली तेव्हा महाराष्ट्रातही इमू पाळणारे होते. दर वेळी जनावर वेगळं, बोलणं तेच.

“आम्ही शिकलेली माणसं,” तो मुलगा शेवटी म्हणाला. “दूध डेअरीचा फॅट बघून घेतो, उसाचा काटा बघतो. आणि हे अंडं शेवटी खाणार कोण, एवढं कुणी विचारलं नाही.”

माडग्याळच्या बाबतीत हा प्रश्न विचारून पाहिला. मेंढीला खाणारा आहे. मेंढ्याची हौस उद्या ओसरली तरी खाली खाटकाचा भाव आहे, बकरी ईदचा भाव आहे, जत्रेचा आहे. तो वजनावर ठरतो आणि माडग्याळला वजन आहे. पण खाटकाच्या भावाच्या वर जे काही रचलं जातं ते एका पाळणाऱ्याने दुसऱ्या पाळणाऱ्याला दिलेल्या शब्दावर उभं असतं. काही हजार जास्त देऊन चांगला पैदाशीचा नर घेतला तर ते तीस कोकरांच्या वाढीव वजनातून फिटतं. काही लाख दिले तर ते मटणातून फिटूच शकत नाही. ते फिटायला तितकेच पैसे देणारा पुढचा माणूस लागतो. कर्ज काढून तसा मेंढा घेणाऱ्या तरुणांना मी भेटले. त्यांना मी हे तोंडावर बोलले आणि इथेही लिहिते.

सुक्कीरवार

माडग्याळचा बाजार शुक्रवारी असतो, पण मामा बाजारात थांबलेच नाहीत. आम्ही दोघं एका वस्तीवर गेलो. बाभळीखाली दोन खोल्या, पुढे ताडपत्रीचा आडोसा, वाघरीच्या जाळीत अकरा मेंढ्या. आटपाडीला मेंढा घेऊन आलेला माणूस डाळिंबाच्या बागेत मजुरीला गेला होता. सगळा कारभार त्याच्या बायकोकडे होता.

“वहिनी, वर्षाला किती सुटतात?” मी विचारलं.

तिने बोटांवर सांगितलं. मेंढी पाच महिने गाभण राहते, दोन वर्षांत तीन वेतं धरायची, पण दुष्काळात एक हमखास चुकतं. माडग्याळला जुळं क्वचित. अकरा मेंढ्यांची वर्षाला बारा-तेरा कोकरं, त्यातलं एखादं-दुसरं जातं. नर तीन-चार महिन्यांचा झाला की विकायचा. साधा असेल तर बारा-पंधरा हजार, देखणा असेल तर तीस. मादी सहसा विकत नाही. शिवाय लेंडीखताची ट्रॉली.

“एक ऐंशीला गेलतं,” ती म्हणाली. “त्यात बोअर मारलं. पानी लागलं. सगळी त्येच इचारत्यात. पर बारा कोकरांत तसं एकांदं निगतंय, त्ये बी दर साली न्हाय. पोट भरत्यात बाकीची अकरा.”

खर्चही तिनेच सांगितला. मक्याचा भरडा, शेंगपेंड, जंताचं औषध, लसी. पावसाच्या तोंडावर कोवळं गवत पोटभर खाल्लं की आंत्रविषाराने धडधाकट कोकरू रात्रीत जातं, म्हणून त्याआधी लस टोचून घ्यायची. पीपीआर रोगाची लस चुकवली त्या साली तिच्या शेजारच्या वस्तीवरचं निम्मं खांड गेलं. दोन मेंढ्या तिने भावजयीला अर्धलीने दिल्या आहेत: पाळायचं तिने, कोकरं निम्मी निम्मी. भांडवल नसलेल्या माणसाला जातिवंत जनावर मिळण्याचा हा जुना रस्ता आहे, आणि त्याला ना अर्ज लागतो ना जामीन. सरकारी योजना दोन टोकांच्या आहेत. महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 मेंढा, 75 टक्के अनुदान. पण ती धनगर आणि तत्सम समाजांपुरती, आणि अर्ज फार. राष्ट्रीय पशुधन अभियानात सुरुवातच 100 माद्या आणि 5 नरांपासून. अकरा मेंढ्यांची बाई दुसरीत बसतच नाही.

“मेंढा इकताय कशापायी?” मामांनी विचारलं.

“दोन वर्सं झाली. आता त्येच्याच लेकी माजावर येतील. रगत बदलाय पायजे.”

मामांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटलेलं दिसलं. मग ते म्हणाले, “आय दाखीव.”

तिने वाघरीतून एक मेंढी ओढून काढली. देखणी म्हणावी अशी नव्हती. एक कान फाटलेला, नाकाचा बाक बेताचा, पाठीवर जुना ओरखडा. मामा खाली बसले. तिची कास दोन्ही हातांनी चाचपली, सडांतून एकेक धार मातीत काढली, दात मोजले. दात पूर्ण जुळून झिजायला लागले होते.

“किती येतं झाली?”

“सात.”

“दुष्काळात काय खाल्लं?”

“बाभळीच्या शेंगा. आन त्या साली बी कोकराला पाजलं हिनं. बाटली लावाय लागली न्हाय.”

मामा उठले, हात धोतराला पुसले. मला वाटलं आता रुमाल निघणार. पण ते मेंढ्याकडे गेलेच नाहीत. मेंढीच्या पोटाला हात लावून थोडा वेळ उभे राहिले.

“गाभण हाय?”

“अडीच म्हैनं झालं. पर ह्यो बाप न्हाय हां. उमदीचा मेंढा लावून आनला.”

“मग ह्यो ऱ्हाऊ दे. म्हागाचा हाय, माज्या मेंढरांस्नी येवढं नाक काय कामाचं. ही याली की सांग. नर झाला तर माजा.”

दारात बसलेल्या तिच्या मुलाने दप्तरातून वही काढली. दहावीत आहे. त्याने मेंढीच्या कानाचा आकडा पाहिला, मेंढा लावला त्या दिवसाची तारीख आईला विचारली आणि मामांचा मोबाइल नंबर त्याच ओळीत लिहून घेतला. मामांना नंबर पाठ नव्हता. त्यांनी फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “तूच बग.”